टाचेवरचा तो डाग, अक्का

अक्का, तुमच्या तेराव्याला पंगत बसली होती, तेव्हा सगळ्यांच्या शांतामामी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लपवलं हो तिनं. घरात ह्याच रोगाचं मशीन करणारी भावजय, आणि बाईनं कोणाला म्हणून पाय दाखवला नाही. हट्टीच, पहिल्यापासून." कोणीतरी हळहळून "अय्यो पाप" म्हणालं, कोणी नुसतीच मान हलवली. मी त्याच रांगेत भात वाढत होते. माझा हात थांबला नाही. मामींच्या पानात भात वाढला, वरण घातलं, तूप हवं का विचारलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

तुम्ही पाय दाखवला होता. मला दाखवला होता.

हे एवढंच वाक्य मी कितीतरी महिने तोंडात धरून बसले होते. तुम्ही आजारी असताना बोलले नाही, तुम्ही गेल्यावर बोलले नाही, आणि त्या दिवशी पंगतीत, जिथे ते बोलायलाच हवं होतं, तिथे मी तूप वाढलं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काही लिहून दे, असं मला सगळ्यांनी सांगितलं, कारण घरात लिहिता येणारी मी. तुमचा जन्म कुठला, चिकपेटच्या साडीच्या दुकानात तुम्ही कधी लागलात, आई गेल्यावर धाकट्या भावाला कसं वाढवलंत, हे मंडळातल्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझ्याकडे त्यांना ठाऊक नसलेली एकच गोष्ट आहे. तीच लिहिते.

लग्न होऊन पुण्याहून ह्या घरात आले तेव्हा तुम्ही दारातच तुमच्या भावाला, श्रीधरला, म्हणालात, "पुट्टू, तिच्याशी स्वल्प हळू बोल. पुण्याची आहे, आपलं मराठी कळायचं नाही तिला." सगळे हसले. मीही हसले, पण आतून रागावले. ह्या बाई निम्मं कानडी बोलतात आणि माझं मराठी काढतात! मग हळूहळू कळलं की तुमच्या घरात थट्टा हे आत घेण्याचं लक्षण आहे, आणि जिच्याशी तुम्ही अगदी नीट, शुद्ध बोलता तिची काही खैर नाही. माझ्याशी तुम्ही कधी नीट बोलला नाहीत. मी डोसा म्हटलं की "डोसा नाही गं, दोसे", मी रिक्षा म्हटलं की "आटो म्हण, नाहीतर थांबायचा नाही". मी मात्र तुमच्याशी नीटच बोलत राहिले. ती माझी सवय आहे असं मी सांगत आले. तो थोडा गर्वही होता.

आपलं एक भांडण कधी संपलंच नाही. तुमची साठी उलटल्यावर मी म्हटलं होतं, "अक्का, आता पुरे झालं ते दुकान. श्रीधर कमावतो, मी कमावते. जे. पी. नगरहून रोज मेट्रोनं जायचं, त्या गर्दीत दिवसभर अनवाणी गादीवर उभं राहून साड्या उलगडायच्या, कशाला?" तुम्ही डबा भरता भरता मागे न बघता विचारलंत, "तुला माझ्या पायांची काळजी आहे की तुझ्या ऑफिसातल्या लोकांची?"

मी म्हटलं, "असं काय बोलता, अक्का."

लोकांचीच होती. तुमच्या पायांकडे मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

माझं काम तुम्हाला मी एकदाच नीट समजावून सांगितलं. अवरेकाईचे, म्हणजे इकडच्या पावट्याचे, दिवस होते. शेंगांचा ढीग पुढ्यात घेऊन तुम्ही दाणे सोलत होतात आणि मी शेजारी बसून उगाच दोन-चार सोलत होते. कातडीवर उजेडाचा एक बारीक झोत टाकायचा, मी म्हटलं. त्यातला बहुतेक उजेड आला तसाच परत जातो. पण अगदी थोडा उजेड कातडीच्या आतल्या रेणूंना धडकतो आणि आपला रंग किंचित बदलून परततो. त्या बदललेल्या उजेडाची रेघ काढली की आत काय आहे ह्याचा अंदाज येतो. निरोगी कातडीची रेघ एक, कर्करोगाच्या पेशींची दुसरी. तुकडा काढून तपासण्याला हा पर्याय नाही, पण कोणाचा तुकडा काढायला हवा हे लवकर कळलं तर माणूस वाचतो.

"म्हणजे टॉर्च मारून चोर ओळखायचा," तुम्ही म्हणालात.

"हो, तसंच."

"आणि चोर अंधारात काळा शर्ट घालून बसला असला तर?"

मी हसले. "तोच तर घोळ आहे, अक्का."

घोळ खरंच तोच होता. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन त्या झोतात स्वतःच चमकायला लागतं आणि आम्हाला हवी असलेली बारीक रेघ त्या चमकीत बुडून जाते. माझ्या गोऱ्या हातावर मशीन फार शहाण्यासारखं वागायचं. काळ्यासावळ्या हातावर त्याला काही सुचायचं नाही. आणि आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा सगळ्यात वाईट कर्करोग, बऱ्याचदा उन्हातल्या चेहऱ्यावर येत नाही. तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली येतो. जिथे कोणी बघत नाही आणि दिसलं तरी चपलेचा घट्टा, मुका मार, काहीतरी लागलंय असं म्हणून सोडून देतात. म्हणून आम्हाला निरोगी तळपायांच्या रेघा हव्या होत्या. वयस्क बायकांच्या, सावळ्या कातडीच्या. आणि अशा बायका प्रयोगशाळेत येऊन अनोळखी माणसांपुढे पाय वर करून बसायला तयार होत नव्हत्या.

मी अडखळत विचारलं. तुम्ही शेंग हातातच धरलीत.

"काय म्हणालीस? माझा रंग पाहिजे?"

"रंग म्हणजे... तुमच्या कातडीची मोजमापं, अक्का."

"अय्यो देवा! जे बघायला आले ते सगळे ह्या रंगापायी चहा पिऊन परत गेले. पहिल्यांदाच कोणीतरी मागायला आलंय." तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "ने बाई, ने. हुंडा नको."

तुमचं लग्न का झालं नाही, हे ह्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. तुम्ही स्वतःच ते एवढ्या सहज बोललात आणि मला वाटलं, मी काहीतरी चांगलं करते आहे. ज्या रंगानं तुमचं वाईट केलं तोच आता उपयोगी पडेल, असा एक छान विचार माझ्या मनात आला. त्या विचाराची मला आता किळस येते.

येलहंक्याच्या बाजूला आमची प्रयोगशाळा. जे. पी. नगरहून तिकडे जाणं म्हणजे तुमच्या भाषेत परगावच. तुम्ही दुकानातून सुटी घेतलीत, लग्नाकार्याला नेसायची हिरवी रेशमी साडी नेसलात, केसांत मल्लिगेचा गजरा माळलात. मी म्हटलं, "अक्का, फक्त हात आणि पाय बघणार आहेत." तुम्ही म्हणालात, "बघू देत. पण ते कोणाचे आहेत हे पण दिसू दे."

आणि मी खोलीत शिरताच तिथल्या सगळ्यांना काय सांगितलं? "ह्या आमच्या एक व्हॉलंटियर."

नात्यातलं माणूस चालतं का, असा प्रश्न कोणी काढू नये म्हणून मी तसं म्हटलं, असं स्वतःला पटवलं. खरं तर तसा काही नियम नव्हता. 'ही माझी नणंद, चिकपेटला साड्या विकते' हे त्या खोलीत माझ्या तोंडातून निघालं नाही, इतकंच. तुम्ही रेशमी पदर सावरून, हात जोडून सगळ्यांना "नमस्कारा" म्हणालात आणि खुर्चीत बसलात.

आधी दंडावर घेतलं, मग तळहातावर. तुम्ही मशीनच्या टोकाकडे एकटक बघत होतात. गरम लागत नाही, दुखत नाही, ह्याची तुम्हाला गंमत वाटत होती. मग टाच. सगळ्यांची मोजमापं सारखी यावीत म्हणून टाचेची जागा ठरलेली होती, आतल्या कडेची. मी तुमचा पाय स्टुलावर घेतला, आणि नेमक्या त्याच जागी तो डाग होता. नखाएवढा. काळपट, मध्ये थोडा निळसर, कड वेडीवाकडी.

"हे काय, अक्का?"

"गडद निळ्या साड्यांचा गठ्ठा आला होता गं, रंग सोडणाऱ्या. आम्हा सगळ्या बायकांचे पाय निळे झाले. बाकीच्यांचे गेले, हा मेला जात नाही. घासला, लिंबाची फोड लावली. काय असेल?"

"रंगच असेल," मी म्हटलं.

तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं. हे सगळं एवढंच आहे. ह्याच्यापुढे मी जे लिहीन ते सगळं ह्याच्या आजूबाजूचं आहे.

मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तो डाग पुसला. जोर लावून पुसला. कापूस पांढराच्या पांढरा निघाला. अक्का, मी तो कापूस बघितला. बघून टोपलीत टाकला. मग मशीनचं टोक डागावर टेकवलं, आणि पडद्यावरची रेघ एकदम वर चढली, सगळं बुडवून टाकणारी. कापडाच्या रंगानंसुद्धा अगदी असंच होतं. तसं होतं हे खरं आहे, आणि हे खरं असण्याचा मला फार उपयोग झाला.

आमचा नियम साधा होता. कातडीवर काहीही वेगळं दिसलं तर थांबायचं आणि आमच्या कामात असलेल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवायचं. ते त्या दिवशी यायचे नव्हते. थांबले असते तर तुम्ही निरोगी लोकांच्या गटातून बाहेर गेला असतात, तुम्हाला परत दुसऱ्या दिवशी इतक्या लांब आणावं लागलं असतं, आणि तुमच्या जागी दुसरी कोणी शोधावी लागली असती. आमच्या कामाचा आढावा तोंडावर आला होता. मी हे सगळं उभ्या उभ्या, तुमचा पाय हातात धरून मनात मांडलं. आणि मशीनचं टोक दोन बोटं बाजूला सरकवलं. तिथली कातडी स्वच्छ होती. तिथे सुरेख रेघ आली.

पहिली रेघ मी 'रंग' असं लिहून वगळून टाकली. आमच्या कामात हे आम्ही रोज करतो. कोणाचा हात हलला, कोणी क्रीम लावून आलं, मध्ये केस आला, की ती रेघ बाजूला टाकायची. त्याला आम्ही मोजमापं साफ करणं म्हणतो. मी तुम्हाला साफ केलं.

परत येताना टॅक्सीत तुम्ही बराच वेळ बाहेर बघत होतात. हेब्बाळच्या पुलावर गाडी अडकली तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. "मेधा, व्हॉलंटियर म्हणजे काय गं?"

"म्हणजे... आपणहून मदत करणारा."

"असं होय. मला वाटलं, तुमच्यात नणंदेला व्हॉलंटियर म्हणतात."

मी गाडीची काच उगाच खाली-वर केली. तुम्ही माझ्या गुडघ्यावर एक थाप मारलीत आणि म्हणालात, "सोड. घरी जाऊन कॉफी कर, चांगली दाट. आज मी मशीनवर चढून आलेय."

त्यानंतर मी तो डाग विसरले, असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरले नाही. दोन-तीनदा आठवण झाली. एकदा तुम्ही लंगडत जिना उतरताना दिसलात. "चप्पल नवी आहे गं, चावते," तुम्ही म्हणालात, आणि मी लगेच चपलेला दोष दिला. एकदा तुम्ही टाचेला हळद लावत होतात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बघावं लागलं असतं, आणि बघितलं असतं तर तो पांढरा कापूस आठवला असता. आमचा आढावा चांगला झाला होता. सावळ्या कातडीवरच्या रेघा आमच्याकडे आता पुरेशा होत्या, त्यात तुमचीही होती.

श्रीधरनं मोरीत रक्त बघितलं आणि तो तुम्हाला जवळजवळ ओढतच दवाखान्यात घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टरांनी पाय उलटा करून दिव्याखाली धरला आणि ते काही बोलायच्या आधी मला कळलं. डाग आता नखाएवढा नव्हता. मध्ये फुगला होता, फुटला होता. तुकडा तपासायला गेला आणि जे यायचं ते आलं. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलं होतं.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाले काही दिवस. लक्ष दिलं नाही मी."

"कोणाला दाखवलं होतं?"

तुम्ही खाली बघितलंत. "नाही."

श्रीधर तिथेच फुटला. "अक्का, घरात मेधा आहे! तिचं कामच हे आहे! तिला तरी दाखवायचंस! असं कसं गं वागलीस?" तुम्ही म्हणालात, "चुकलं रे पुट्टू." मी तुमची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीच्या बंदाला पीळ देत राहिले.

तेव्हा मला वाटलं, तुम्ही तो दिवस विसरलात. आजारानं, भीतीनं माणूस विसरतं. मला सुटल्यासारखं वाटलं, अक्का. तुमच्या पायाचं ऑपरेशन ठरत होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

मग ती दुपार आली. ऑपरेशननंतरची, वॉर्डातली. श्रीधर खाली कॉफी आणायला गेला होता. शेजारच्या पलंगावरची बाई मोबाइलवर कानडी मालिका बघत होती. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, मला वाटलं झोपलात. डोळे न उघडताच तुम्ही म्हणालात, "मेधा, त्या दिवशी तुझ्या मशीनमध्ये काही दिसलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नाही, अक्का. त्या डागावर मी घेतलंच नव्हतं."

आता तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कळल्यावर तुम्ही दुकानात कसं बघायचात ते मी एकदा पाहिलं होतं. तसंही नाही बघितलंत. थकलेल्या माणसानं बघावं तसं बघितलंत.

"सरी, असू दे," तुम्ही म्हणालात. आणि पांघरूण ओढून घेत, "पुट्टूला हे काही सांगत बसू नकोस. त्याला उगाच त्रास."

म्हणजे तुम्हाला सगळं आठवत होतं. डॉक्टरांपुढे 'नाही' म्हणालात तेव्हाही आठवत होतं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, की भावाचा संसार मोडू नये म्हणून? की एवढ्या आजारात हा आणखी एक विषय नको, म्हणून? मी तेव्हा विचारायला हवं होतं. तुमचा हात धरून खरं सांगायला हवं होतं, मग तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, थोबाडीत मारली असतीत, काहीही. तुम्हाला रागावण्याचा हक्क होता आणि तो मी तुम्हाला मिळू दिला नाही. उलट तुमच्याच वाक्याच्या मागे लपले. 'अक्कांनीच सांगू नको म्हटलंय' असं मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल.

तेव्हाच कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का? मला माहीत नाही. डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. अशा रोगात काही महिने फार मोठे असतात, एवढं मात्र मीच माझ्या कामाच्या पहिल्या पानावर लिहीत आले आहे. 'कदाचित काही फरक पडला नसता' हा विचार मनात येतो तेव्हा मी तो लगेच ढकलून देते. त्याची सोबत घ्यायला मला तोंड नाही.

आणि ज्याला तुम्हाला त्रास होऊ द्यायचा नव्हता, त्याला काय झालं ते सांगते. तेराव्यानंतर, भाड्याची भांडी परत गेल्यावर, दुपारी श्रीधर तुमच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत बसला होता. दुकानातल्या बायकांना द्यायच्या म्हणून. मी दारात उभी होते. तो म्हणाला, "मी तिला फार बोललो गं. शेवटपर्यंत. दाखवलं का नाहीस, दाखवलं का नाहीस. तिनं एकदासुद्धा उलट उत्तर दिलं नाही. तिला वाटलं असेल, आपण वाढवलेला पोरगा आपल्याला मरताना रागावतोय." आणि तुमची ती हिरवी रेशमी साडी तोंडाला लावून तो रडायला लागला.

अक्का, तुम्ही त्याला माझ्यापासून वाचवलंत आणि तो असा झाला. इथे मी तुमचं ऐकलं नाही.

मी खाली बसले आणि सांगितलं. सगळं. डाग, कापूस, रेघ, दोन बोटं. वॉर्डातलं खोटंही. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "तिनं तुला विचारलं होतं, हे काय आहे म्हणून?"

"हो."

"आणि तू?"

"रंग आहे म्हणाले."

तो उठला. मला वाटलं बाहेर जाईल. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. तिथूनच म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून मोकळी होऊ नकोस, मेधा. जितक्यांनी तिला बोल लावला, तितक्यांना सांग. मी पण त्यातलाच."

तेव्हापासून तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलतो. जेवायला वाढलं की जेवतो. त्यानं मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेलीही नाही. मागायची ती तुमच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कामाच्या प्रमुख बाईंना सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेतात असा त्यांचा लौकिक आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेधा, असे किती वगळले असतील आपण?" आता सगळी वगळलेली मोजमापं पुन्हा काढली आहेत आणि ज्यांची ती आहेत त्यांना एकेक करून बोलावणं चाललं आहे. ते काम माझ्याकडे नाही. माझ्याकडे ते देऊ नये असं मीच म्हटलं. तुमची ती रेघ परत आत घेतली आहे. ती तिथे 'रंग' म्हणून नाही.

हा लेख इथवर लिहून मी श्रीधरला वाचायला दिला. त्यानं वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "शांतामामीला आता बारीक अक्षर दिसत नाही. अंक आला तरी ती वाचायची नाही. तू जाऊन वाचून दाखव." पुढचं मी तिथून आल्यावर लिहिते आहे.

मामींचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत, तुम्हाला ठाऊकच आहे. मेट्रोतून उतरून कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत गेले. मामींनी कॉफी केली, चकली पुढे ठेवली, म्हणाल्या, "अक्कावर लिहिलंयस ना? वाच, वाच. चांगलं लिही हो तिच्यावर. हट्टी होती पण सोन्यासारखी." मी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच परिच्छेदात त्यांचं नाव आलं आणि त्या सरसावून बसल्या. मग एक ओळ, आणि मामींनी हात वर केला.

"थांब. दाखवला होता?"

"हो, मामी."

"तुला?"

"मला."

पुढचं सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कॉफीवर साय धरली. वाचून झाल्यावर मी कागद मांडीवर ठेवला आणि त्या शिव्या देतील म्हणून वाट बघत राहिले. द्यायला हव्या होत्या. मामींनी पदरानं चष्मा पुसला, परत लावला, परत काढला.

"ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण होती गं," त्या म्हणाल्या. "तिच्या तेराव्याला, तिच्याच घरात, तिचंच अन्न खाताना मी तिला नावं ठेवली. तू तिथे होतीस. माझ्या पानात वाढत होतीस." त्यांनी माझ्या मांडीवरच्या कागदावर बोट ठेवलं. "मला बोलू का दिलंस?"

अक्का, मामींनी उत्तराची वाट न बघता कॉफीचे पेले उचलले, आत गेल्या, आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. जा, असं त्या म्हणेपर्यंत उठायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.